साखरपुड्याची अंगठी कोणत्या धातूची घ्यावी? त्वचेच्या दृष्टीने माहिती

साखरपुड्यानंतर काही आठवड्यांनी अंगठीखाली खाज सुटते, लाल चट्टा उठतो, बारीक पुरळ येते. अशा तक्रारी घेऊन लग्न ठरलेली मुलं-मुली दवाखान्यात येतात, तोवर घरात वेगळीच चर्चा सुरू झालेली असते. सोनाराने फसवलं का? हिला सोनं सोसत नाही का? हा अपशकुन तर नाही ना? बहुतेक वेळा कारण साधे असते: सोन्यात मिसळलेला दुसरा धातू, किंवा अंगठीखाली साचणारे साबणाचे पाणी. अंगठी घेण्याआधी थोडी माहिती असेल तर खर्च आणि मनस्ताप दोन्ही वाचतात.

त्रास कशामुळे होतो?

दागिन्यांमुळे होणाऱ्या ॲलर्जीचे सर्वात नेहमीचे कारण निकेल हा धातू आहे. घामामुळे निकेलचे सूक्ष्म कण सुटून त्वचेत शिरतात आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना शत्रू समजते. पुरळ लगेच येत नाही, साधारण १ ते ३ दिवसांनी येते. त्यामुळे त्याचा संबंध अंगठीशी आहे हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ही ॲलर्जी एकदा झाली की सहसा आयुष्यभर राहते. ती संसर्गजन्य नाही आणि रक्तात काही दोष असल्याचे लक्षणही नाही.

दुसरे कारण ॲलर्जीचे नसते. भांडी, कपडे किंवा वारंवार हात धुताना साबण अंगठीखाली अडकतो, त्वचा ओली राहते आणि सोलवटते. अशा वेळी धातू कितीही शुद्ध असला तरी त्रास होतो.

कोणता धातू कसा?

- २२ कॅरेट सोने: यात ९१.६ टक्के सोने असते. उरलेल्या भागात बहुधा तांबे आणि चांदी असते, त्यामुळे ॲलर्जीची शक्यता कमी. मात्र ते मऊ असल्याने खड्याच्या अंगठीसाठी कमी वापरतात. खुद्द सोन्याची ॲलर्जी असू शकते, पण ती क्वचित दिसते.
- १८ आणि १४ कॅरेट सोने: यात अनुक्रमे ७५ आणि ५८.५ टक्के सोने असते. हिऱ्याच्या अंगठ्या बहुधा यातच घडवतात. इतर धातूंचे प्रमाण जास्त, म्हणून ते कोणते आहेत हे विचारणे गरजेचे.
- व्हाइट गोल्ड: पिवळ्या सोन्याला पांढरेपणा आणण्यासाठी त्यात निकेल किंवा पॅलेडियम मिसळतात आणि वरून ऱ्होडियमचा मुलामा देतात. मुलामा झिजला की आतला धातू त्वचेला लागतो. म्हणूनच वर्ष-दोन वर्षे चांगली चाललेली अंगठी अचानक खाजू लागते.
- रोझ गोल्ड: गुलाबी रंग तांब्यामुळे येतो. तांब्याची ॲलर्जी कमी दिसते.
- प्लॅटिनम: दागिन्यांत बहुधा ९५ टक्के शुद्ध असते. ॲलर्जी असणाऱ्यांसाठी चांगला पर्याय, पण महाग. काही वेळा त्यात कोबाल्ट असते, तेवढे विचारून घ्यावे.
- चांदी: ९२.५ टक्के चांदीत उरलेला भाग बहुधा तांब्याचा असतो. चांदी काळी पडते, बोटावर डागही पडतो. हा डाग धुतला की जातो, ती ॲलर्जी नव्हे.
- टायटॅनियम: ॲलर्जी फारच क्वचित आणि किंमतही कमी. पण बोट सुजले तर ही अंगठी कापणे सोन्याइतके सोपे नसते.

हॉलमार्क पाहिला, मग झालं का?

बीआयएसचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी क्रमांक यांवरून सोने किती शुद्ध आहे हे कळते. उरलेल्या भागात निकेल आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. ते सोनाराला स्पष्ट विचारा आणि ‘निकेल नाही’ असे बिलावर लिहून घ्या.

नकली कानातले, घड्याळाचा पट्टा किंवा जीन्सचे बटण लागून पूर्वी खाज आली असेल, तर तुम्हाला निकेलची ॲलर्जी असण्याची शक्यता आहे. अंगठी सहसा समोरचे कुटुंब घेते, त्यामुळे मुली संकोचाने हे सांगत नाहीत. कृपया खरेदीआधीच सांगा. खात्री हवी असेल तर त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करतात. पाठीवर लावलेल्या पट्ट्या ४८ तासांनी काढून त्वचा तपासतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात.

पुरळ आले तर काय करावे?

- अंगठी काढून ठेवा. पुरळ पूर्ण बरे होईपर्यंत घालू नका. लग्नापर्यंत ती गळ्यातल्या साखळीत कपड्यावरून घालता येईल.
- हात धुतल्यावर बोट कोरडे करून साधे मॉइश्चरायझर लावा.
- औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने मलम आणू नका. अनेक मिश्र मलमांत तीव्र स्टेरॉइड असते. त्याने तात्पुरते बरे वाटते, पण त्वचा पातळ होते आणि बुरशीचा संसर्ग असेल तर तो वाढतो.
- व्हाइट गोल्डची अंगठी असेल तर सोनाराकडून ऱ्होडियमचा मुलामा पुन्हा करून घेता येतो. हा तात्पुरता उपाय आहे.
- अंगठीला आतून पारदर्शक नेलपॉलिश लावले तरी काही दिवस भागते, पण ते लवकर निघते.

अंगठी बोटात अडकली तर

गरोदरपणात, दुखापतीनंतर किंवा उन्हाळ्यात बोटे सुजतात. हात थोडा वेळ उंच धरा, थंड पाण्यात ठेवा, मग तेल किंवा साबण लावून अंगठी हळूहळू फिरवत काढा. ओढाताण करू नका, त्याने सूज वाढते. हाताला मार लागला असेल तर सूज येण्याआधीच अंगठी काढा.

डॉक्टरांकडे कधी जावे?

- बोट निळे-काळे किंवा पांढरे पडले, बधिर झाले आणि अंगठी निघत नसेल, तर ताबडतोब रुग्णालयात जा. तिथे अंगठी कापून काढता येते. अंगठी पुन्हा घडवता येते, बोट नाही.
- पुरळातून पू येत असेल, दुखत असेल किंवा ताप असेल.
- अंगठी काढूनही दोन आठवड्यांत बरे वाटत नसेल किंवा पुरळ इतरत्र पसरत असेल.

थोडक्यात: पूर्वी दागिन्यांचा त्रास झाला असेल तर २२ कॅरेट सोने किंवा कोबाल्ट नसलेले प्लॅटिनम निवडा, बजेट कमी असेल तर टायटॅनियमचा विचार करा, आणि निकेल असलेले व्हाइट गोल्ड टाळा. त्रास नसेल तर आवडेल ती अंगठी घ्या. रोज हात धुतल्यावर मात्र तिच्याखालची त्वचा कोरडी करा.