बुगात्तीचें चाक

मोटारगाडी सुंदर दिसावी कीं वेगानें धांवावी, असा प्रश्न रसिक मंडळींत नेहमीं निघतो. कोणी म्हणतो, रूप हें उभें राहून पाहाणाऱ्यासाठीं आणि वेग हा हांकणाऱ्यासाठीं. दोहोंचा एकमेकांशीं संबंध काय? या प्रश्नाचें उत्तर एका माणसानें वादांत न देतां धातूंत दिलें. त्याचें नांव एत्तोरे बुगात्ती. जें यंत्र डोळ्याला खुपतें, त्यांत कोठें तरी चूक असलीच पाहिजे, अशी त्याची धारणा होती. या एका धारणेनें त्याला कीर्तीच्या शिखरावर नेलें, आणि तिनेंच कांहीं वेळां त्याला दगाही दिला.

बुगात्तीचा जन्म १५ सप्टेंबर १८८१ रोजीं मिलान शहरांत झाला. वडील कार्लो बुगात्ती हे लांकडी सामानाचे नामांकित कलावंत. त्यांनीं घडविलेल्या खुर्च्यामेजांचें यूरोपांत कौतुक होत असे. धाकटा भाऊ रेंब्रांट हा पशूंच्या मूर्ति घडविणारा शिल्पकार झाला. अशा घरांतल्या मुलानें लोखंडाशीं मैत्री केली. इंजिनियरिंगच्या पदवीचा आधार त्याला नव्हता. मिलानमधील सायकली व तीनचाकी मोटारी करणाऱ्या एका कारखान्यांत उमेदवारी करून तो शिकला. पुढें दुसऱ्या कारखानदारांसाठीं गाड्यांचे आराखडे काढल्यावर, १९०९ च्या अखेरीस त्यानें अल्सेस प्रांतांतील मोल्सहाइम या लहानशा गांवीं स्वतःचा कारखाना थाटला. अल्सेस तेव्हां जर्मनीकडे होता. पहिल्या महायुद्धानंतर तो फ्रान्सकडे आला.

त्या काळीं शर्यत जिंकावयाची तर एंजिन मोठें हवें, असा सार्वत्रिक समज होता. बुगात्तीची भिस्त हलकेपणावर होती. गाडीचें वजन हें कर्जासारखें असतें. तें वेग घेतांना फेडावें लागतें, वळतांना फेडावें लागतें आणि थांबतांनाही फेडावें लागतें. १९११ सालीं ल मां येथील शर्यतींत दहा लिटर एंजिनाची फियाट पहिली आली, आणि तिच्या मागोमाग अवघ्या १.३ लिटरची बुगात्ती दुसरी आली. १९२१ सालीं ब्रेशिया येथें हलक्या गाड्यांच्या शर्यतींत पहिले चारही क्रमांक बुगात्तीनें पटकावले.

परंतु त्याच्या मताची खरी साक्ष पटली ती १९२४ सालीं. ३ ऑगस्ट रोजीं ल्योन येथें फ्रान्सची ग्रां प्री शर्यत झाली. तेथें त्यानें ‘टाइप ३५’ ही नवी गाडी आणली. दोन लिटरचें आठ सिलिंडरांचें एंजिन, पुढें घोड्याच्या नालाच्या आकाराचा रेडिएटर, आणि मागें निमुळतें होत गेलेलें अंग. पुढचा आंस आंतून पोकळ होता, आणि पोलादी कमानी त्याला बाहेरून बांधण्याऐवजीं त्याच्यांतच पाडलेल्या भोंकांतून आरपार नेल्या होत्या. पण पाहाणाऱ्यांची नजर खिळली ती चाकांवर.

शर्यतीच्या गाड्यांचीं चाकें तेव्हां बहुधा तारेच्या आऱ्यांचीं असत. ताण पडला कीं तारा सैल होत. त्या पुन्हां आवळाव्या लागत. बुगात्तीनें ॲल्युमिनियमचें ओतीव चाक केलें. त्याला पट्टीसारखे रुंद असे आठ आरे होते, आणि ब्रेकचा ड्रम त्या चाकाचाच भाग होता. ॲल्युमिनियमचें चाक पूर्वीं कोणाला सुचलेंच नव्हतें, असें नव्हे. पण चाक, ब्रेक आणि शोभा हीं तिन्ही त्यानें एकत्र आणलीं. चाकाचें वजन कमानींच्या खालीं असतें. त्याला झोका नसतो. तें जितकें हलकें, तितकें चाक रस्त्याला धरून राहातें. ब्रेकची आंच धातूंतून पसरून लवकर निवते. शिवाय टायर बदलण्यासाठीं चाक काढलें कीं ड्रमही त्याच्याबरोबर निघून येई, आणि आंतील ब्रेक एका दृष्टिक्षेपांत तपासतां येत. म्हणजे जें रूप म्हणून डोळ्यांत भरलें, तें सर्वस्वीं उपयोगाचेंच होतें.

ल्योनला मात्र फजिती झाली. टायरांचे थर सुटूं लागले, गाड्यांना पुनःपुन्हां थांबावें लागलें, आणि शर्यत अल्फा रोमिओनें जिंकली. बुगात्तीची सर्वांत पुढची गाडी सातवी आली. दुसऱ्या एखाद्यानें तें चाक त्याच दिवशीं मोडींत काढलें असतें. दोष टायरांचा आहे, चाकाचा नव्हे, हें ओळखून बुगात्तीनें तें ठेवलें व सुधारलें. पुढें काय झालें? सिसिली बेटांतील डोंगराळ रस्त्यांवरची टार्गा फ्लोरिओ ही कठीण शर्यत १९२५ पासून १९२९ पर्यंत सलग पांच वर्षें बुगात्तीच्या गाड्यांनीं जिंकली. १९२९ सालीं मोनाको येथें पहिली ग्रां प्री झाली, तीही टाइप ३५ याच घराण्यांतील गाडीनें मारली.

येथपर्यंत डोळा आणि रस्ता यांचें एकमत होतें. पण डोळ्याला सर्वच दिसतें असें नाहीं. तेलाच्या दाबानें चालणारे हायड्रॉलिक ब्रेक लावलेली ड्यूझनबर्ग ही अमेरिकन गाडी १९२१ सालींच फ्रान्सची ग्रां प्री जिंकून गेली होती. बुगात्ती मात्र तारांनीं ओढल्या जाणाऱ्या ब्रेकांनाच चिकटून राहिला. एका गिऱ्हाइकानें ब्रेकांविषयीं गाऱ्हाणें केलें, तेव्हां आपल्या गाड्या धांवण्यासाठीं आहेत, थांबण्यासाठीं नव्हेत, असें उत्तर त्यानें दिल्याची आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, त्याच्या ‘टाइप ५७’ ला तसले ब्रेक लाभण्यास १९३८ साल उजाडावें लागलें. तार दिसते, तिची ओढ हाताला कळते. नळींतला तेलाचा दाब कोणाला दिसणार? जें पाहातां येत नाहीं, त्यावर विश्वास ठेवणें या कलावंताला जड गेलें.

दुसरी विसंगति याहून मोठी. इंग्लंडच्या भारदस्त बेंटली गाड्यांनीं १९२४ ते १९३० या काळांत ल मांची चोवीस तासांची शर्यत पांच वेळां जिंकली. बुगात्तीनें त्यांना जगांतील सर्वांत वेगवान मालमोटारी म्हणून हिणविलें, असें सांगतात. आणि त्याच बुगात्तीनें ‘रॉयाल’ ही गाडी काढली! तिचें एंजिन सुमारें पावणेतेरा लिटरचें होतें. रेडिएटरवर सोंड उंचावून उभा असलेला हत्ती १९१६ सालीं वारलेल्या रेंब्रांटच्या मूर्तीवरून घेतला होता. राजेमहाराजांसाठीं म्हणून योजलेल्या या गाड्या १९३३ पर्यंत सहाच झाल्या, आणि त्यांतल्या तीन तेवढ्या विकल्या गेल्या. उरलेल्या एंजिनांना शेवटीं आगगाडीच्या रुळांवर काम मिळालें: तीं फ्रान्सच्या वेगवान रेलमोटारींत बसविण्यांत आलीं.

या घरांत दुसऱ्याचें पाहून शिकण्याची तयारी होती ती मुलगा ज्यां याच्यापाशीं. १९२९ सालीं दोन अमेरिकन मिलर गाड्या मोल्सहाइमला आल्या. त्यांच्या एंजिनांचा अभ्यास करून पुढच्या बुगात्ती एंजिनांना दोन कॅमशाफ्टांची रचना देण्यांत आली. टाइप ५७ ही मुख्यतः ज्यांचीच निर्मिति. तिच्या ‘५७ एस’ या ठेंगण्या प्रकारांतील एक गाडी इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांनीं घेतली व तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून बांधवून घेतली. माणिकबाग राजवाडा अत्याधुनिक पद्धतीनें सजविणाऱ्या महाराजांना ही रेखीव गाडी आवडावी, यांत नवल नाहीं.

१९३६ सालीं कामगारांच्या संपानें मन दुखावून एत्तोरे पॅरिसला राहूं लागला, आणि कारखान्याचा भार ज्यांवर पडला. ११ ऑगस्ट १९३९ रोजीं, त्याच वर्षीं ल मां जिंकलेली गाडी मोल्सहाइमजवळच्या रस्त्यावर चालवून पाहात असतां, वाटेंत आलेल्या एका सायकलस्वाराला वांचविण्याच्या प्रयत्नांत ज्यां झाडावर आदळून मृत्यु पावला. त्याचें वय अवघें तीस वर्षांचें होतें. तीन आठवड्यांत महायुद्ध पेटलें. २१ ऑगस्ट १९४७ रोजीं एत्तोरेही पॅरिसमध्यें वारला.

फ्रान्समधील मुलूझच्या संग्रहालयांत आज दोन रॉयाल गाड्या उभ्या आहेत. प्रेक्षक त्यांच्या आकारानें दिपून जातात. पण बुगात्तीच्या मताचा खरा वारसा त्या राजगाड्यांत नाहीं. आज रस्त्यावरच्या साध्या घरगुती मोटारीलाही पुष्कळदां ॲल्युमिनियमचें ओतीव चाक असतें, आणि तें शोभेसाठीं म्हणून हौसेनें घेतलें जातें. १९२४ च्या त्या चाकांत मात्र शोभा वेगळी विकत घ्यावी लागत नव्हती. तेथें काम चोख झालें होतें, आणि सौंदर्य त्याच्या मागोमाग आपणहून आलें होतें.