घडणावळ

गेल्या दिवाळीत धुळ्याला गेलो तेव्हा दादांचं लोखंडी कपाट आवरायला काढलं. (दादा म्हणजे माझे वडील. नातवंडंसुद्धा त्यांना दादाच म्हणायची.) जुन्या पासबुकांखाली त्यांची हिशोबाची वही सापडली. एका पानावर ‘युनिट : २६ टक्के’ असं लिहून खाली दोन रेघा मारलेल्या. दादा शाळामास्तर. दोन रेघा ते फक्त बरोबर आलेल्या उत्तराखाली मारत. आणि हे उत्तर चुकलं होतं!

दादांच्या पिढीला म्युच्युअल फंड हा शब्द फारसा ठाऊक नव्हता, ‘युनिट’ ठाऊक होतं. १९६३ च्या कायद्याने युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया उभी राहिली आणि जुलै १९६४ मध्ये तिची पहिली योजना आली, म्हणून ती यूएस-६४. दर्शनी किंमत दहा रुपये. आमच्या खान्देशात पैसा जायचा शेतात, सोन्यात नाहीतर पोस्टात. तरी पगारदार मंडळींनी युनिटं घेतली, कारण सरकारी! वागणूकही तशीच. दर वर्षी लाभांश, आणि भाव ट्रस्टनेच ठरवलेला. जुलैत जरा स्वस्त, मग महिन्यागणिक थोडा थोडा चढत जाणारा. आतल्या शेअर्सची खरी किंमत काय, याचा त्या भावाशी थेट संबंधच नव्हता.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लाभांश २६ टक्क्यांपर्यंत गेला. हेच ते दोन रेघांचं उत्तर. पण २६ टक्के कशावर? दहा रुपयांच्या दर्शनी किमतीवर. म्हणजे युनिटमागे २ रुपये ६० पैसे. तेच युनिट समजा १५ रुपयांना घेतलं असेल, तर हिशोब १७ टक्क्यांच्या आसपास येतो. वाईट नाही, पण २६ नव्हे. ‘टक्के कशाचे ते आधी विचारा’ म्हणून वर्गात पोरांचे कान पिळणाऱ्या दादांनी नेमकं तेच विचारलं नाही.

बरं, आमच्या घरात पैशाच्या बाबतीत कोणी भोळं होतं असंही नाही. आई जळगावला सराफाकडे गेली की आधी घडणावळ विचारायची, मग मोडीत घट किती धरणार ते. तासभर घासाघीस. आजोबा भुईमुगाच्या पट्टीवरची अडत, हमाली, तोलाई रुपया-रुपया मोजून घ्यायचे. युनिटची घडणावळ मात्र कोणीच विचारली नाही. ती पट्टीवर दिसतच नव्हती ना! फंडाचा खर्च आतल्या आत वजा होतो आणि आपल्याला दिसतो तो उरलेला आकडा.

ठरवून दिलेल्या भावाचं पुढे काय झालं ते आठवत असेलच. २ जुलै २००१ ला यूएस-६४ ची विक्री आणि परतखरेदी सहा महिन्यांसाठी थांबली. नंतर लहान गुंतवणूकदारांना ३,००० युनिटांपर्यंत दहा रुपये भावाची सोय झाली, दर महिन्याला दहा पैसे वाढत जाणारी. २००२ च्या सुरुवातीपासून भाव एनएव्हीवर आला, तर ती सहा रुपयांच्याही खाली! फरक सरकारी तिजोरीने सोसला. २००३ मध्ये ६.७५ टक्क्यांचे करमुक्त बाँड निघाले, पहिल्या ५,००० युनिटांना १२ रुपये भावाने. दादांनी ते घेतले आणि २००८ मध्ये त्यांचे पैसे मिळाले.

एवढं बघून मी शहाणा झालो असेन असं वाटतंय? छे! २००५ मध्ये एक एजंट म्हणाला, “नवा फंड आहे, फक्त दहा रुपयांत.” मी चाळीस रुपये एनएव्हीचा जुना, बरा चाललेला फंड मोडून वीस हजार नव्यात टाकले. दहा टक्के वाढ झाली तर दहाचे अकरा होतात आणि चाळीसचे चव्वेचाळीस, पैसे सारखेच वाढतात, हे मास्तरांच्या पोराला सुचलं नाही. त्यात सव्वादोन टक्के एन्ट्री लोड, म्हणजे ४५० रुपये दारातच गेले.

सेबीने हा लोड १ ऑगस्ट २००९ पासून बंद केला. १ जानेवारी २०१३ पासून डायरेक्ट प्लॅन आले, म्हणजे तोच फंड, पण मधल्या माणसाच्या कमिशनशिवाय. फरक समजा एक टक्क्याचा. एक टक्का म्हणजे काय मोठं? एक लाखाचे १२ टक्क्यांनी वीस वर्षांत साधारण ९ लाख ६५ हजार होतात, ११ टक्क्यांनी ८ लाख ६ हजार. मधले दीड लाखाहून जास्त कोणी मागून नेले नाहीत, त्यांची पावतीही नाही.

म्हणजे, आता एक पट्टी येते. २०१६ पासून सहामाही स्टेटमेंटमध्ये एजंटला दिलेलं कमिशन रुपयांत छापतात. निघायच्या आदल्या दिवशी ताईला तिच्या स्टेटमेंटमधला तो रकाना दाखवला. तिने चष्मा लावून दोनदा वाचलं.

“एवढे? पण अरे, दादा गेल्यावर नावं बदलायच्या कागदांसाठी हाच माणूस चारदा घरी आला होता.”

खरं होतं. मी तेव्हा पुण्यात होतो, फोनवरून सूचना देत.

आई आतून म्हणाली, “घडणावळ आधी सांगितली होती का त्याने?”

“मी कुठे विचारली होती,” ताई म्हणाली, आणि स्टेटमेंट घडी घालून दादांच्या वहीत ठेवलं.