एकतर्फी

मुंबई-गोवा महामार्गावरून अलिबागचा रस्ता जिथे फुटतो, ते आमचं वडखळ. १९९० साली मी विशीत होतो. नाक्यावरच्या टपरीत एक जण मुंबईचं वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे चहा पिता पिता निकाल द्यायचे. मार्च सरता सरता उल्हासनगरची बातमी आली. ३० मार्चला, दहावीची परीक्षा चालू असताना, एका तरुणाने साथीदारांसह केंद्रात शिरून रिंकू पाटील या विद्यार्थिनीला पेट्रोल ओतून जाळलं होतं. भर वर्गात.

टपरीत क्षणभर कुणी बोललं नाही. मग वाक्य आलं, "तिनेच आधी काहीतरी आशा लावली असणार." सगळ्यांनी माना डोलावल्या.

अशा प्रकरणांची कात्रणं मी पुढे जमवत गेलो. त्यांत एक शब्द पुन्हा पुन्हा भेटतो : 'एकतर्फी प्रेमातून'. वडिलांच्या जमिनीच्या दाव्यासाठी पेणच्या कोर्टात खेटे घालताना मी हाच शब्द वेगळ्या अर्थाने ऐकला होता. दुसरी बाजू हजर नसताना दिलेला तो एकतर्फी हुकूम. तिथे निदान दुसऱ्या बाजूला समन्स निघतं. गैरहजेरीला सबळ कारण असेल तर हुकूम रद्द करून मागता येतो. बातमीतल्या मुलीला यातलं काहीच मिळत नाही. तरी त्या हुकमाला आपण 'प्रेम' म्हणतो, आणि मारणारा आधी प्रियकर ठरतो, मग गुन्हेगार.

दोष बाईच्या पदरात टाकण्याची खोड जुनी आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला भ्रूणहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, तेव्हा वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर तोंडसुख घेतलं गेलं. त्यावर चिडून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. बाईंचा सवाल साधा होता : पुरुषाचं काय? माझ्या मते तो अजून अनुत्तरित आहे.

कायदा फार सावकाश आला. नकार मिळूनही मुलीच्या मागे मागे फिरणं हा स्वतंत्र गुन्हा व्हायला २०१३ उजाडलं. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर वर्मा समितीचा अहवाल आला आणि भारतीय दंडविधानात ३५४-ड हे कलम शिरलं. पहिल्या वेळचा गुन्हा मात्र जामीनपात्र. पुढे ३ फेब्रुवारी २०२० ला हिंगणघाटात कॉलेजवर निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेट्रोल टाकून पेटवण्यात आलं. आठवड्याने ती गेली. आरोपी विवाहित होता. त्याला जन्मठेप झाली, पण बातम्यांत शब्द तोच, तीस वर्षांपूर्वीचा.

मुलगे असेच असतात, असं म्हणून सुटता येत नाही. युनिसेफच्या २०१२ च्या अहवालात भारतातल्या १५ ते १९ वयाच्या ५७ टक्के मुलांना आणि ५३ टक्के मुलींना नवऱ्याने बायकोला मारणं काही कारणांसाठी योग्य वाटत होतं. मला जास्त टोचला तो मुलींचा आकडा. ही समजूत घरातूनच येते, दोघांनाही सारखीच वाढली जाते. मुंबईत १९९३ पासून 'मावा' ही पुरुषांची संस्था तरुण मुलांशी याच विषयावर बोलते आहे. आमच्या नाक्यापर्यंत असं बोलणं क्वचितच पोचतं.

यंदा पावसाळ्यात तालुक्यातल्या एका शाळेने नववीच्या वर्गापुढे स्थानिक इतिहासावर बोलायला बोलावलं. मिठागरं झाली, खारबंदिस्ती झाली, आणि बोलता बोलता मी १९९० वर आलो. मुलगी नाही म्हणाली तर काय, असं विचारलं. मागच्या बाकावरून उत्तर आलं, "नाही म्हणजे अजून पटली नाय, सर." वर्ग हसला. मुलीही हसल्या. एक तेवढी हसली नाही. तिने विचारलं, "सर, तेव्हा तुमच्या टपरीत लोक काय बोलले?"

मी ते वाक्य सांगितलं.

"कोण बोललं?"

खिडकीबाहेर पाऊस धरला होता. मी फळ्याकडे वळलो, खडू ठेवला, हात झटकले आणि मग सांगितलं, मी.