दिसायला बारीक, पण अंगात चरबी: पुण्याच्या पोषण संशोधनाने काय दाखवले?

मधुमेह म्हणजे लठ्ठ माणसांचा आजार, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. पण किरकोळ बांध्याच्या, वजन कमी असलेल्या माणसालाही साखर निघते आणि घरचे चक्रावून जातात. याचे एक उत्तर पुणे जिल्ह्यातील खेड्यांत झालेल्या संशोधनातून मिळाले. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ते उभे केले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलाइन फॉल यांचा गटही यात सहभागी होता.

अभ्यासाची सुरुवात

साउथॅम्प्टनचे प्रा. डेव्हिड बार्कर यांनी एक विचार मांडला होता. आईच्या पोटात बाळाचे पोषण कमी पडले, तर पुढे मोठेपणी हृदयविकार आणि मधुमेहाचा धोका वाढतो. हे भारतात तपासायचे तर बाळंतपणाच्या वेळी नोंदी घेऊन भागणार नव्हते. म्हणून १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत विवाहित स्त्रियांची नोंद गर्भ राहण्याआधीच सुरू झाली. हाच ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’.

या स्त्रियांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. बहुतेक जणी शेतकरी घरांतल्या होत्या. घरकाम, पाणी भरणे, शेतातली कामे हे गरोदरपणातही चालूच असायचे. संशोधकांनी त्यांचा आहार, काम, रक्त आणि बाळाची वाढ यांची नोंद ठेवली.

बाळांच्या मोजमापात काय दिसले?

पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. साउथॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो होते. पण खरी गोष्ट वजनापलीकडे होती. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. बारीक दिसणाऱ्या, पण चरबी राखून असलेल्या या ठेवणीला संशोधकांनी ‘थिन-फॅट’ बाळ म्हटले.

मोठ्या माणसांतही हे दिसते. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणजे नुसता वजनकाटा पाहून निश्चिंत होता येत नाही.

या गावांतली मुले १८ वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासणी झाली. जवळपास निम्म्यांचे वजन कमीच होते. तरीही ३७ टक्के मुलांमध्ये आणि १८ टक्के मुलींमध्ये रक्तातली साखर प्रमाणापेक्षा जास्त आढळली. त्यांतले बहुतेक मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते.

पालेभाजी, दूध, फळे आणि बी-१२

आहाराच्या नोंदींतून आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध जास्त वेळा घेत होत्या, त्यांची बाळे आकाराने मोठी होती. नुसत्या पोटभर भाकरीने सगळे साधत नाही.

रक्ततपासणीत साठ टक्क्यांहून अधिक मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळले, फोलेटची कमतरता मात्र जवळजवळ कुणालाच नव्हती. मुले सहा वर्षांची झाल्यावर दिसले की, ज्यांच्या मातांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्या मुलांच्या शरीरावर इन्सुलिनचा परिणाम सगळ्यात कमी होत होता. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झाले. याचा अर्थ फॉलिक अ‍ॅसिडची गोळी बंद करावी, असा मुळीच नाही. बाळाच्या मेंदू-मणक्याचे दोष टाळण्यासाठी ती लागतेच. फक्त बी-१२ कडेही तितकेच लक्ष हवे.

पुढे २०१२ पासून याच गावांतल्या, आता वयात आलेल्या मुला-मुलींना रोज थोड्या प्रमाणात बी-१२ देण्याचा प्रयोग सुरू झाला. पुढच्या पिढीची काळजी लग्नाआधीपासून घ्यायची, हा त्यामागचा विचार.

आपल्या घरासाठी

बी-१२ नैसर्गिकरीत्या मांस, मासे, अंडी आणि दूध-दह्यातून मिळते. “आम्ही तर गोश्त खातो, आम्हाला काय कमी?” असे वाटणे साहजिक आहे. पण घरातल्या बाईच्या ताटात शेवटी बोटी उरते की नुसता रस्सा, हेही पाहायला हवे.

● मुलगी वयात आल्यापासून तिच्या ताटात दूध, अंडे, पालेभाजी आणि फळ असू द्या. सासरी गेल्यावर किंवा दिवस गेल्यावर सुरुवात करणे उशिराचे ठरते.
● गरोदरपणात हिमोग्लोबिनसोबत बी-१२ तपासावे का, हे डॉक्टरांना विचारा.
● मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने बी-१२ कमी होऊ शकते. हातापायांना मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना सांगा.
● अम्मी-अब्बांपैकी कुणाला साखर असेल, तर अंगाने बारीक असलात तरी तपासणी करून घ्या. कमरेचा घेरही मोजा.
● कमी वजनाच्या बाळाला घाईने गुटगुटीत करण्याच्या मागे लागू नका. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्या.