टाकलेल्या पानांचा प्रश्न : संभाव्यताविचाराच्या इतिहासातील एक प्रकरण

पोकर या खेळाच्या जुन्या, पाच पानांच्या प्रकारात एक शंका हमखास उपस्थित होते. पाच खेळाडू बसले आहेत. प्रत्येकास पाच पाने वाटली आहेत. एकाच्या हाती चार बदाम व एक किलवर आहे. किलवर टाकून पाचवा बदाम मिळविण्याची त्याची इच्छा आहे. त्याची पाळी येईपर्यंत तिघांनी आपले हात पालथे टाकून दिले. या 15 पानांत काही बदाम निश्चितच गेले असतील. मग हिशेब 47 पानांचा करावा की उरलेल्या 32 पानांचा? प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु संभाव्यता ही वस्तुस्थितीची असते की ज्ञानाची, हा या शास्त्रातील मूलभूत वाद त्यात दडलेला आहे.

प्रथम सरळ उत्तर पाहावे. खेळाडूने स्वतःची पाच पाने पाहिली. न पाहिलेली 47 राहिली व त्यांत 9 बदाम आहेत. म्हणून हवे ते पान येण्याची संभाव्यता 9/47, म्हणजे सुमारे 19.1 टक्के. आता टाकलेली 15 पाने वेगळी काढली, तर त्यांत सरासरीने 2.87 बदाम असणार. उरलेल्या 32 पानांत 6.13 राहणार. या दोन संख्यांचे गुणोत्तर पुन्हा 19.1 टक्केच येते. छेदातून 15 वजा करावयाचे आणि अंशातील 9 तसेच ठेवावयाचे, ही चूक आहे. दोहोंतून वजा केले तर मूळ अपूर्णांकच परत मिळतो. पान गड्डीच्या तळाशी आहे, शेजाऱ्याच्या हाती आहे की टाकलेल्या ढिगात आहे, याने काही बिघडत नाही. ते पाहिलेले नाही, एवढेच महत्त्वाचे.

ही विचारसरणी मोजणीच्या जुन्या परंपरेस धरून आहे. कार्डानोने सोळाव्या शतकात लिहिलेला आणि त्याच्या मृत्यूनंतर 1663 साली प्रसिद्ध झालेला द्यूतविषयक ग्रंथ असो, की 1654 मधील पास्काल व फर्मा यांचा पत्रव्यवहार असो. सर्व शक्यता समान मानून त्यांची गणना करणे हाच तेथील पाया आहे. फासा काही हेतूने पडत नाही. मात्र हात टाकणारा मनुष्य हेतूने टाकतो, आणि येथेच ही परंपरा अपुरी पडू लागते.

हे अपुरेपण प्रथम स्पष्टपणे पुढे आले ते 'ल एर' या फ्रेंच खेळाच्या निमित्ताने. या खेळात पिएर हा वाटणारा. तो पॉलला एक व स्वतःस एक पान घेतो. पॉलला पान पसंत नसेल तर तो पिएरशी अदलाबदल करू शकतो; मात्र पिएरजवळ राजा असल्यास ती टळते. नंतर पिएरही आपले पान गड्डीतील पानाशी बदलू शकतो. मोठे पान जिंकते, बरोबरी झाल्यास पिएरचा विजय. माँमॉर, निकोलस बर्नुली, वाल्डग्रेव्ह आदींनी या खेळावर केलेला पत्रव्यवहार माँमॉरच्या ग्रंथाच्या 1713 मधील दुसऱ्या आवृत्तीत छापला गेला. पॉलने पान बदलले नाही, तर पिएरने त्यावरून काय समजावे? ते पॉल कोणत्या नियमाने खेळतो यावर अवलंबून. आणि पॉलचा नियम पिएर काय करील यावर. न पाहिलेले पान आता मुके राहिले नाही. पॉलच्या कृतीतून ते बोलू लागले. हे वर्तुळ तोडण्यासाठी वाल्डग्रेव्हने सुचविले की, संदिग्ध पानांच्या बाबतीत खेळाडूने आपला निर्णय ठराविक प्रमाणात दैवावर सोपवावा.

कृतीवरून कारणाकडे जाण्याचे सामान्य सूत्र बेजच्या, त्याच्या मृत्यूनंतर 1763 साली प्रकाशित झालेल्या निबंधात व लाप्लासच्या 1774 मधील लेखनात आढळते. प्रस्तुत प्रश्नास ते लावले, तर टाकलेल्या हाताच्या प्रत्येक संभाव्य रचनेस 'असा हात कितपत टाकला गेला असता' या प्रमाणात वजन द्यावे लागते. सर्व रचना सारख्याच टाकल्या जात असतील, तरच 9/47 हे उत्तर तंतोतंत खरे ठरते.

हा फरक किती मोठा असतो? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रूढ झालेल्या 'जॅकपॉट' या प्रकाराने त्याचे मापन सोपे केले. तेथे गुलामांची जोडी किंवा त्याहून वरचा हात असल्याखेरीज डाव उघडता येत नाही. पाच पानांच्या 25,98,960 हातांपैकी असे हात 5,36,100, म्हणजे सुमारे 20.6 टक्के आहेत. कोणत्याही हातात गुलाम ते एक्का या दर्जाची पाने सरासरीने 1.54 असतात, परंतु डाव उघडू न शकणाऱ्या हातांत ही सरासरी 1.34 वर येते. म्हणजे उघडण्यास असमर्थ असलेला प्रत्येक खेळाडू उरलेल्या पानांसाठी वरच्या पानाचा सुमारे एकपंचमांश भाग मागे ठेवतो. असे तीन हात गेले, तर फरक अर्ध्या पानाच्या आसपास जातो.

म्हणून हवे असलेले पान कोणते, हा निर्णायक मुद्दा ठरतो. एक्का हवा असेल, तर टाकलेल्या हातांचा विचार संभाव्यता वाढवितो. तिन्ही हातांत एक्का नाही असे पक्के ठाऊक असते, तर स्वतःजवळ एक एक्का असलेल्यासाठी 3/47 ऐवजी 3/32, म्हणजे 6.4 ऐवजी 9.4 टक्के मिळाले असते. उलट, डावात टिकून राहिलेला प्रतिस्पर्धी एक्के स्वतःकडे असल्याचा संशय निर्माण करतो आणि हा लाभ घटवितो. बदाम हवा असेल, तर मात्र डाव उघडण्याचा नियम चारही रंगांना जवळजवळ सारखाच लेखतो. तेथे 9/47 हा हिशेब व्यवहारात अबाधित राहतो.

तथापि, उघडण्याजोगा हात असूनही धूर्त खेळाडू स्वस्थ बसू शकतो. तेव्हा मौनाचा अर्थ पुन्हा त्याच्या डावपेचांवर जातो. फॉन नॉयमनने 1928 साली पाया घातलेल्या आणि मॉर्गेनश्टर्नसह 1944 मध्ये ग्रंथरूप दिलेल्या खेळसिद्धान्ताने पोकरमधील हूल हा विषय गणिताच्या कक्षेत आणला. 1950 साली कूनने दोघांच्या, तर नॅश व शॅपली यांनी तिघांच्या सुलभ पोकरचे विश्लेषण प्रसिद्ध केले. 2015 साली अल्बर्टा विद्यापीठातील संशोधकांनी पोकरचा जो प्रकार जवळजवळ पूर्णतः सोडविल्याचे जाहीर केले, तो दोघांचा आहे. तेथे एकाने हात टाकला की डावच संपतो. टाकलेल्या तिऱ्हाईत पानांचा प्रश्न तेथे उद्भवतच नाही.

सारांश, न पाहिलेले पान व टाकलेले पान यांतील भेद पानाच्या ठिकाणाचा नाही. ते तेथे का गेले, या कारणाचा आहे. यदृच्छेने बाजूस पडलेल्या पानाविषयी गणकाने मौन राखणे योग्य. निवडीने टाकलेल्या पानाविषयी तसे मौन राखणे म्हणजे हाती असलेला पुरावा नाकारणे होय. जेथे जेथे एखादी वस्तू कोणाच्या निवडीमुळे नजरेआड गेलेली असते, तेथे तेथे संशोधकास हाच विवेक करावा लागतो.