न बोललेली थोर वाक्ये

थोर माणसांचं एक बरं असतं. ती गेल्यावरही त्यांचं बोलणं थांबत नाही. मागची माणसं त्यांच्या वतीने बोलतच राहतात.

आमच्या कॉलेजातल्या वक्तृत्वस्पर्धेत व्हॉल्टेअर हटकून यायचा. मत पटो न पटो, ते मांडण्याच्या हक्कासाठी जीव देण्याची त्याची ती प्रतिज्ञा ऐकली की परीक्षक माना डोलवायचे. आता व्हॉल्टेअर वारला १७७८ साली. त्याच्या वृत्तीचं सार म्हणून हे वाक्य रचलं एव्हलिन बिएट्रिस हॉल या इंग्रज बाईंनी, १९०६ साली. त्यातही पुस्तकावर टोपणनाव! म्हणजे प्रतिज्ञा बाईंची, नाव तिसऱ्याचंच आणि टाळ्या व्हॉल्टेअरला.

चौदाव्या लुईची गंमत याच्या उलट. 'राज्य म्हणजे मीच' असं तो १६५५ साली पॅरिसच्या न्यायसभेत गरजला म्हणे. तेव्हा वय वर्षं सोळा. त्या दिवशीच्या नोंदीत मात्र हे वाक्य नाही. उलट १७१५ साली मरताना 'मी चाललो, राज्य मात्र राहील' अशा अर्थाचं तो बोलल्याचं दरबारी मंडळींनी लिहून ठेवलंय. पण ते कोण लक्षात ठेवतो? राजा नम्रपणे बोलू लागला, तर आपण नावं कोणाला ठेवायची?

आपल्याकडची वाक्यं त्या मानाने पक्की, कारण ती छापलेली. 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा 'केसरी'तला अग्रलेख १८९७ सालचा. त्याच वर्षी 'केसरी'तल्याच दुसऱ्या मजकुरावरून राजद्रोहाचा खटला झाला आणि टिळकांना १८ महिन्यांची सक्तमजुरी. आगरकरांनी १८८८ साली 'सुधारक' काढला, रूढींना रोखठोक प्रश्न विचारले. तर पुण्यातल्या सनातनी मंडळींनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. दुकानदार देतो तशी ही पावतीच म्हणायची. माल खरा, किंमत रोख मोजलेली.

आणि गॅलिलिओ? १६३३ साली, सत्तरीला टेकलेल्या या म्हाताऱ्याला रोममध्ये गुडघे टेकून 'पृथ्वी फिरते' हे मत सोडल्याची शपथ घ्यावी लागली. उठताना तो 'तरीही ती फिरतेच' असं पुटपुटला, ही गोष्ट छापून आली १७५७ साली, लंडनमध्ये; म्हणजे तब्बल १२४ वर्षांनी. चौकशी करणाऱ्या धर्माधिकाऱ्यांसमोर तो असं काही बोलला असता, तर घरी कशाला परततो?

पण हे वाक्य आपल्याला सोडवत नाही. साहेबांसमोर 'होय सर' म्हणायचं आणि दार लोटून घेतल्यावर कॉरिडॉरमध्ये खरं मत पुटपुटायचं, ही आम्हा नोकरदारांची जुनी चाल. तसा पुटपुटणारा गॅलिलिओ आम्हाला आपल्याच टेबलावरचा वाटतो.

खरा गॅलिलिओ घरी परतला तो नजरकैदेत. तिथे बसून त्याने गतिशास्त्रावर ग्रंथ लिहिला. इटलीत छापायची सोय नव्हती, म्हणून हस्तलिखित बाहेर पाठवलं. १६३८ साली ते हॉलंडात लायडनला छापलं गेलं. तोवर त्याची दृष्टी गेली होती. १६४२ साली नजरकैदेतच तो वारला.

पुटपुटणं आम्हाला जमतं. त्या पुस्तकाचं मात्र आमच्या कॉरिडॉरमध्ये कोणी नाव काढत नाही.