वन्स मोअर
वन्स मोअर : नाट्यप्रयोगात किंवा गायनाच्या कार्यक्रमात एखादे पद आवडल्यास ते पुन्हा सादर करावे, अशी प्रेक्षकांनी उच्च स्वरात केलेली मागणी, तसेच त्या मागणीनुसार झालेले पुनर्गायन. मूळ शब्द इंग्रजी असले, तरी मराठी संगीत रंगभूमीच्या व्यवहारात ते इतके रुळले, की ‘वन्स मोअर मिळणे’, ‘वन्स मोअर घेणे’ असे वाक्प्रचार मराठीत रूढ झाले. पाश्चात्त्य देशांत याच अर्थी ‘आंकोर’ हा फ्रेंच शब्द इंग्रजी भाषिक वापरतात. स्वतः फ्रेंच व इटालियन प्रेक्षक मात्र ‘बीस’ म्हणजे ‘दोनदा’ असे ओरडतात.

या प्रथेचे दोन प्रकार संभवतात. पहिल्यात पद संपताच तेच पद पुन्हा म्हणावयाचे असते. दुसऱ्यात कार्यक्रम संपल्यावर कलावंताला पुन्हा मंचावर बोलावले जाते व तो एखादी वेगळी रचना सादर करतो. यूरोपीय संगीतिकेत पहिला प्रकार प्रबळ होता. मोट्सार्टच्या द मॅरेज ऑफ फिगारो या संगीतिकेच्या १७८६ मधील व्हिएन्ना येथील आरंभीच्या प्रयोगांत पुनर्गायनामुळे प्रयोग फार लांबू लागला. तेव्हा सम्राट दुसरा जोसेफ याने एकाहून अधिक गायकांची गीते पुन्हा गाण्यास मनाई केली. पॅरिसमध्ये १८२० च्या सुमारास पैसे घेऊन टाळ्या व मागण्या पुरविणारी यंत्रणाच उभी राहिली. संगीतनियोजक आर्तूरो तोस्कानीनी यांचा पुनर्गायनास कडवा विरोध असे. १९०३ मध्ये मिलान येथील ला स्काला नाट्यगृहात प्रेक्षकांच्या अशा आग्रहामुळे ते प्रयोग अर्धवट सोडून निघून गेले. त्या नाट्यगृहात १९३३ नंतर एकट्या गायकाचे पुनर्गायन झाले ते थेट २००७ मध्ये, ह्वान दिएगो फ्लोरेस या पेरूच्या गायकाचे.

रॉक संगीताच्या जलशांत दुसरा प्रकार रूढ झाला. आरंभी तो तेथे सार्वत्रिक नव्हता. १९५६ मध्ये अमेरिकेतील श्रीव्हपोर्ट येथे एल्व्हिस प्रेस्ली यांचे गायन संपल्यावर गर्दी शांत करण्यासाठी ते इमारतीबाहेर गेल्याची घोषणा निवेदकास करावी लागली. बीटल्स या वाद्यवृंदाचे १९६६ पर्यंतचे जाहीर कार्यक्रम सुमारे अर्ध्या तासाचे असत आणि त्यांत पुनरागमनाला स्थान नसे. पुढे १९७० नंतरच्या दशकात मोठ्या क्रीडांगणांवर दीर्घ जलसे होऊ लागले, तेव्हा शेवटची एकदोन लोकप्रिय गीते राखून ठेवून निरोप घ्यावयाचा, अंधारात टाळ्यांचा गजर होऊ द्यावयाचा व मग परत यावयाचे, हा क्रम नित्याचा झाला. मागणी उत्स्फूर्त भासत असली, तरी तिचे उत्तर आधीच ठरलेले असते. मराठी वन्स मोअर याच्या अगदी उलट आहे. तो प्रयोगाच्या मध्यावर येतो व त्याचा हिशेब आधी करता येत नाही.

महाराष्ट्रात या शब्दांचा प्रवेश मुंबईच्या रंगभूमीमार्गे झाला. ग्रँट रोडवरील नाट्यगृह १८४६ मध्ये सुरू झाले आणि पुढे त्या परिसरात इंग्रजी, पारशी, गुजराती, उर्दू व मराठी नाटक मंडळ्यांचे प्रयोग होऊ लागले. पारशी रंगभूमीवरील गीतप्रधान नाटकांच्या प्रेक्षकांतही वन्स मोअरचा पुकारा परिचित होता. मात्र पुनरुक्तीची मागणी ही काही परकीय गोष्ट नव्हती. मैफलीत श्रोत्यांनी करावयाची ‘फर्माईश’ आणि मुशायऱ्यात शेर पुन्हा ऐकण्यासाठी दिला जाणारा ‘मुकर्रर’ हा पुकारा या तिच्याच देशी पद्धती होत. कीर्तनात ध्रुपद वारंवार येते, परंतु ते केव्हा घ्यावयाचे हे कीर्तनकार ठरवितो. वन्स मोअरने हा अधिकार प्रेक्षकाकडे नेला.

विष्णुदास भावे यांच्या सीतास्वयंवर (१८४३) या नाटकापासून सुरू झालेल्या परंपरेत पदे मुख्यतः सूत्रधार म्हणत असे. अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या संगीत शाकुंतल नाटकाच्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला आणि पात्रे स्वतःच आपली पदे गाऊ लागली. यामुळे दाद देण्याचे केंद्रही बदलले. प्रेक्षकाला आता विशिष्ट नटाच्या गळ्याची निवड करता येऊ लागली. मोरोबा वाघोलीकर व बाळकोबा नाटेकर यांच्या जोडीला १८८२ मध्ये भाऊराव कोल्हटकर (१८६३–१९०१) किर्लोस्कर मंडळीत आले. त्यांच्या उंच व धारदार आवाजाने प्रेक्षकांवर विलक्षण मोहिनी घातली. या काळातील पदे बहुधा साकी, दिंडी, कामदा अशा परिचित चालींवर बेतलेली व आटोपशीर असत. पदांची संख्या मोठी असली, तरी एखाद्या पदाच्या पुनर्गायनाने प्रयोगाचा तोल फारसा ढळत नसे.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ही स्थिती पालटली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या मानापमान (१९११) या नाटकाला गोविंदराव टेंबे यांनी पूरब ढंगाच्या चाली दिल्या. स्वयंवर (१९१६) या नाटकाच्या पदांसाठी भास्करबुवा बखले यांनी ख्यालांच्या बंदिशींचा आधार घेतला. पद हे आता रागविस्ताराचे क्षेत्र झाले. बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७) यांच्या गायनात पुनर्गायन ही केवळ पुनरुक्ती राहत नसे. त्याच ओळीला नवी जागा, नवा आलाप, लयीची वेगळी वळणे लाभत. त्यामुळे श्रोत्यांची मागणी आणखी वाढे. पदांची संख्या घटूनही प्रयोगाचा कालावधी वाढला तो या कारणाने. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालणे ही गंधर्व नाटक मंडळीच्या (स्थापना १९१३) प्रेक्षकांना सवयीची गोष्ट झाली. अहमदजान थिरकवा यांच्यासारखे तबलावादक या मंडळीत होते, ही गोष्ट साथसंगतीला आलेले महत्त्व स्पष्ट करते. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेल्या ‘संयुक्त मानापमान’च्या प्रयोगात बालगंधर्व व ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले (१८९०–१९२१) एकत्र आले, तेव्हा दोन गायनशैलींची तुलना करण्याची दुर्मीळ संधी प्रेक्षकांना मिळाली.

वन्स मोअरची कार्यपद्धती साधी होती. पद संपता संपता टाळ्यांबरोबर पुकारा होई. ऑर्गनवादक सूर धरून ठेवी. गायक नट क्षणभर थांबून प्रतिसादाचा अंदाज घेई व ध्रुपदापासून किंवा अंतऱ्यापासून पुन्हा आरंभ करी. या अवधीत मंचावरील इतर पात्रांना आपला आविर्भाव सांभाळत उभे राहावे लागे. दोनतीन वेळा गाऊनही मागणी थांबली नाही, तर नमस्कार करून पुढील भाषण सुरू करणे हाच मार्ग उरे. नटाच्या दृष्टीने वन्स मोअर हे लौकिकाचे माप होते, पण गळ्यावरील ताणही होता. कारण ध्वनिक्षेपक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवावा लागे.

या प्रथेवर घेतला गेलेला मुख्य आक्षेप नाट्यात्मतेच्या हानीचा आहे. शोकाकुल नायिकेने विलाप पुन्हा आळवावा, निघून जाण्याच्या घाईतील पात्राने थांबून तेच पद गावे, हे कथानकाच्या तर्काशी विसंगत ठरते. पात्र मागे पडते आणि गायक पुढे येतो. समर्थकांचे म्हणणे असे, की संगीत नाटकाचा प्रेक्षक कथानक जाणूनच येतो. सुभद्रेचा विवाह कोणाशी होणार याविषयी त्याला उत्कंठा नसते, तर ती अवस्था सुरांतून कशी उलगडते याविषयी असते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. सौभद्रासारख्या पौराणिक व विनोदप्रचुर नाटकाला पुनर्गायन सहज पेलते. एकच प्याला (१९१९) सारख्या सामाजिक शोकांतिकेत मात्र तेच परिणामाला मारक ठरू शकते. शाहूनगरवासी मंडळीसारख्या गद्य नाटकांच्या परंपरेने अभिनयावर दिलेला भर या पार्श्वभूमीवर अर्थपूर्ण वाटतो.

बोलपटाच्या आगमनानंतर (पहिला मराठी बोलपट अयोध्येचा राजा, १९३२) प्रेक्षकाला थोड्या वेळात व कमी दरात गाणे मिळू लागले. परंतु पडद्यावरील गायकाला थांबवून पुन्हा गाण्यास सांगण्याची सोय त्यात नव्हती. आंधळ्यांची शाळा (१९३३) या नाटकाने मर्यादित, प्रसंगोचित गीतांचा मार्ग दाखविला. मो. ग. रांगणेकर यांच्या नाट्यनिकेतनने कुलवधू (१९४२) या नाटकात तोच चालविला. त्यातील ज्योत्स्ना भोळे यांनी गायिलेल्या पदांच्या चाली मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांच्या होत. पंडितराज जगन्नाथ (१९६०), मत्स्यगंधा (१९६४) व कट्यार काळजात घुसली (१९६७) या नाटकांनी संगीत रंगभूमीला पुन्हा बहर आणला आणि वन्स मोअरही परतला. कट्यारमध्ये गायकांचे द्वंद्व हाच कथाविषय असल्याने दाद ही कथानकाचाच भाग झाली व जुना आक्षेप तेथे बराचसा गळून पडला.

मराठवाड्यातील जालना जिल्ह्याच्या परिसरात दाद देण्याचे हे विविध प्रवाह एकत्र आलेले दिसतात. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मस्थान असून कीर्तनाची परंपरा या भागात खोल रुजलेली आहे. संस्थानची राजभाषा उर्दू असल्याने मुशायऱ्याची रीतही येथील सुशिक्षितांच्या अंगवळणी पडली होती. उर्दू काव्यरचना करणारे राय हरिश्चंद्र साहनी ‘दुःखी’ हे जालन्याचेच. त्यांच्या स्मरणार्थ जालन्यात गुढीपाडव्याला ‘कवितेचा पाडवा’ हा काव्यवाचनाचा कार्यक्रम होत आला आहे. अंबड येथील दत्तजयंतीच्या संगीत महोत्सवाने शास्त्रीय गायनाचा चोखंदळ श्रोता घडविला. मनमाड–सिकंदराबाद हा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी जालन्यावरून सुरू झाल्याने हे व्यापारी शहर मुंबई व हैदराबाद या दोन्ही सांस्कृतिक केंद्रांशी जोडले गेले. संस्थानातील मराठी रंगभूमीला मात्र मराठी शिक्षणाची अपुरी सोय आणि १९२९ च्या गश्ती क्रमांक ५३ सारखे सार्वजनिक सभांवरील निर्बंध यांमुळे पश्चिम महाराष्ट्राइतका वाव मिळाला नाही. जालना शहरातील नाट्यगृह फुलंब्रीकर यांच्या नावाने ओळखले जाते. अशा परिसरात ‘मुकर्रर’ आणि ‘वन्स मोअर’ हे दोन्ही पुकारे एकाच श्रोत्याच्या तोंडी येणे स्वाभाविक होते. त्यांतील भेद मात्र लक्षणीय आहे : मुकर्ररने शेराचा अर्थ पुन्हा तपासला जातो, तर वन्स मोअरने स्वराचा आनंद लांबविला जातो.

अलीकडच्या काळात पुनर्गायनावर वेळेची बंधने आली आहेत. सभागृहे ठराविक तासांसाठी भाड्याने मिळतात. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री दहानंतर खुल्या जागेत ध्वनिक्षेपकांचा वापर करता येत नाही. वर्षातील काही मोजक्या दिवसांपुरतीच मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनास आहे. १९५३ पासून चालत आलेल्या पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाची रात्रभराची सत्रेही यामुळे संपुष्टात आली. संगीत नाटकांचे नव्याने होणारे प्रयोग बहुधा तीन तासांत बसविलेले असतात. पदांचे आलाप आवरते घ्यावे लागतात आणि वन्स मोअर आला, तरी बहुधा ध्रुपदाच्या एका आवर्तनावर भागवावे लागते.

तथापि ध्वनिमुद्रण हव्या तितक्या वेळा ऐकता येत असतानाही या पुकाऱ्याचा मोह ओसरलेला नाही. मुद्रित गीत पुन्हा ऐकताना ते तसेच राहते. वन्स मोअरमध्ये ते पुन्हा घडते आणि दुसऱ्या खेपेस ते वेगळे असण्याची शक्यता कायम असते. प्रेक्षकाने कलावंताला थांबवावे आणि कलावंताने त्याच ओळीतून नवे काही काढून दाखवावे, हा उभयतांमधील अलिखित करार होय. तो पाळला गेला तेव्हा मराठी नाट्यसंगीत समृद्ध झाले. केवळ हट्टाने वा सवयीने बजावला गेला, तेव्हा नाटक दुबळे झाले. मराठी रंगभूमीच्या इतिहासात या प्रथेचे महत्त्व यासाठी आहे, की प्रयोग कोणाच्या मालकीचा—नाटककाराचा, नटाचा की प्रेक्षकाचा—हा प्रश्न तिने प्रत्येक रात्री नव्याने उपस्थित केला.